रंगावरून जलपरीक्षा : सुवर्णाचे सूक्ष्मकण, धातूंचे आयन आणि आपले क्वाथजल

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील द्रवद्रव्यविधी अध्यायात (अध्याय 45) पावसाच्या पाण्याची एक परीक्षा सांगितली आहे. न नासलेला, न करपलेला साळीच्या भाताचा मुटका चांदीच्या पात्रात ठेवून पाऊस पडत असताना तो बाहेर ठेवावा. मुहूर्तभराने तो जसाच्या तसा राहिला तर पडणारे जल गांग समजावे. भाताचा वर्ण बदलला, शिते चिकट झाली तर ते सामुद्र समजावे आणि घेऊ नये. कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात विषयुक्त दूध, मद्य, पाणी इत्यादी द्रवांवर निरनिराळ्या रंगांच्या रेषा उमटतात, फेस व बुडबुडे येतात, असेही वर्णन आहे. द्रवाच्या आत काय दडले आहे हे डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरून ओळखावे, ही कल्पना आपल्या शास्त्राला नवी नाही. गेल्या पाव शतकात रसायनशास्त्रज्ञांनी हीच अपेक्षा सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांकडून धरली आहे. पाण्यात शिसे, पारा, कॅडमियम, आर्सेनिक आहे किंवा नाही, हे कणांच्या रंगबदलावरून सांगता यावे, असा हा प्रयत्न आहे.

या विषयाकडे मी वळलो तो ग्रंथांमुळे नव्हे, एका दूरध्वनीमुळे. एका औषधी निर्माणशाळेचे मालक असलेले माझे स्नेही घाबऱ्या आवाजात म्हणाले, "वैद्य, पाणी निळं झालं हो! दशमूलाचा काढा कालच उतरवलाय. ओतून देऊ का सगळा?" त्यांनी कुठूनशी 'नॅनो गोल्ड'ची एक कुपी मिळवली होती. लाल द्रवात पाणी घालावे, निळे झाल्यास शिसे आहे असे समजावे, एवढीच सूचना तिच्यासोबत होती. त्यांच्या विंधन विहिरीच्या पाण्याने लाल द्रव पाहता पाहता निळा झाला होता. काढा ओतून द्यावा की ठेवावा, याचे उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हते. ते शोधताना जे वाचले आणि स्वतः करून पाहिले, ते येथे मांडत आहे.

प्रथम हा प्रश्न आपल्याला किती लागू पडतो ते पाहू. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 10500 (2012) नुसार एका लिटरमध्ये शिसे 0.01 मि.ग्रॅ., आर्सेनिक 0.01 मि.ग्रॅ., कॅडमियम 0.003 मि.ग्रॅ. आणि पारा 0.001 मि.ग्रॅ. ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. उकळल्याने जंतू मरतात. शिसे किंवा कॅडमियम मात्र उडून जात नाही. पाणी आटते आणि धातू मागे राहतो. शार्ङ्गधरोक्त क्वाथविधीप्रमाणे एक भाग द्रव्यास सोळा भाग पाणी घालून अष्टमांश उरवले तर सोळाचे दोन भाग होतात, म्हणजे पाण्यातील धातूचे प्रमाण आठपट होते. मर्यादेवरच्या पाण्यातील 0.01 चे 0.08 मि.ग्रॅ. प्रतिलिटर होऊ शकते. यातील काही अंश चोथ्याला चिकटून राहतो, म्हणून ही कमाल शक्यता समजावी. येथे घाबरून जाण्याचेही कारण नाही. रुग्ण काढा 40 मि.लि. घेतो, म्हणजे फार तर 320 मि.लि. पाण्यातील धातू त्याच्या पोटात जातो. तेच पाणी तो दिवसभर दोन लिटर पीत असेल तर काढ्यापेक्षा त्या पाण्याचीच चिंता अधिक करावी लागेल.

चित्र बदलते ते घन करताना. एक किलो भरडीस सोळा लिटर पाणी वापरले आणि त्यातून 100 ग्रॅम घन मिळाला असे धरू. पाण्यात शिसे 0.01 मि.ग्रॅ. असेल तर सोळा लिटरमध्ये 0.16 मि.ग्रॅ. शिसे आले. ते सर्व घनात उतरले तर किलोला 1.6 मि.ग्रॅ., म्हणजे 1.6 पीपीएम. आयुर्वेदिक औषधिकोशात वनस्पतिज औषधांसाठी शिशाची मर्यादा 10 पीपीएम आहे, तेव्हा अजून वाव आहे. आता हेच गणित कॅडमियमसाठी करावे. 0.003 गुणिले 16 म्हणजे 0.048 मि.ग्रॅ.; तेवढे 100 ग्रॅम घनात आले तर 0.48 पीपीएम. औषधिकोशाची कॅडमियमची मर्यादा 0.3 पीपीएम आहे! पिण्यास योग्य ठरलेल्या पाण्याने केलेला घन, वनस्पती पूर्ण निर्दोष असूनही, केवळ पाण्यामुळे मर्यादेबाहेर जाऊ शकतो. हे गणित मी तीनदा तपासले, कारण प्रथम माझाच विश्वास बसला नाही. घननिर्मिती करणाऱ्या प्रत्येक सभासदाने आपल्या प्रत्यक्ष उताऱ्याच्या टक्केवारीने ते पुन्हा मांडून पाहावे. 2004 साली अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध झाल्यापासून अशा आकड्यांकडे दुर्लक्ष करण्याची मुभा आपल्याला उरलेली नाही.

सोने लाल का दिसते

पिवळे सोने पाण्यात अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने विखुरले की पाणी माणकासारखे लाल होते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील मायकेल फॅरेडे यांनी 1857 साली यावर विस्तृत संशोधन सादर केले. त्यांनी तयार केलेले सुवर्णद्रवाचे काही नमुने तेथे आजही जपून ठेवलेले आहेत. या रंगाचे गणिती स्पष्टीकरण जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी 1908 मध्ये दिले. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशलहरींबरोबर डोलू लागतात. सुमारे 13 नॅनोमीटर व्यासाच्या सुवर्णकणात हे डोलणे 520 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा शोषला जातो आणि आपल्याला लाल दिसतो. चांदीच्या कणात ते 400 नॅनोमीटरच्या आसपास जुळते, म्हणून चांदीचा द्रव पिवळा दिसतो.

परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे यापुढेच आहे. हे कण एकमेकांपासून दूर असतील तोवर द्रव लाल असतो. ते एकमेकांजवळ येऊन गुच्छ करू लागले की त्यांच्यातील इलेक्ट्रॉनांचे डोलणे परस्परांत गुंतते, शोषण लांब तरंगलांबीकडे सरकते आणि द्रव जांभळा, मग निळा दिसू लागतो. सोने तेच आणि तेवढेच राहते. बदलते ते कणांमधील अंतर. एकेका सुवर्णकणाची प्रकाश शोषण्याची क्षमता सामान्य रंगद्रव्याच्या एका रेणूपेक्षा हजारो पटींनी अधिक असल्याने अत्यल्प सोन्यातही हा बदल नुसत्या डोळ्यांना दिसतो. प्रयोगशाळेतील नेहमीच्या द्रवात लिटरला दीड गुंजेच्या आसपास सोने असते. एका चाचणीस लागणाऱ्या मिलिलिटरमध्ये मिलिग्रॅमचा सुमारे पाचवा हिस्सा.

हे कण एरवी एकत्र का येत नाहीत? दूध आठवावे. दुधातील प्रथिनांच्या सूक्ष्म गोळ्यांवर ऋण भार असतो, ते एकमेकांस दूर ढकलतात आणि दूध एकजीव राहते. लिंबू पिळले की तो भार नाहीसा होतो आणि दूध नासते. सुवर्णद्रवही अगदी असाच नासतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की मातीचे ऋणभारित कण ॲल्युमिनियमच्या धन आयनांमुळे एकत्र येऊन खाली बसतात, तेही हेच. सुश्रुतांनी पाणी निवळण्यासाठी सांगितलेल्या कतकाच्या, म्हणजे निर्मळीच्या बियाही कणांना असेच एकत्र आणतात.

हा लाल द्रव करण्याची जी रीत आजही सर्वाधिक वापरात आहे ती 1951 मध्ये टर्केविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. सुवर्णक्लोराइडाचे अत्यंत सौम्य द्रावण उकळत ठेवायचे आणि त्यात सोडियम सायट्रेट घालायचे. फिकट पिवळा रंग जातो, द्रव क्षणभर रंगहीन, मग काळपट होतो आणि दहा-पंधरा मिनिटांत जास्वंदीच्या पाण्यासारखा गडद लाल होतो. सायट्रेट सोन्यास धातुरूपात आणते आणि कणांभोवती ऋणभाराचे कवचही चढवते. काचेची भांडी अम्लराजाने धुवावी लागतात, म्हणून हे काम आपल्या निर्माणशाळेत करू नये. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच करावे.

आयन रंग कसा बदलतो

सर्वांत साधा मार्ग भार झाकण्याचा आहे. कोणतेही क्षार पुरेसे घातले की कण एकत्र येतात. यात निवड नसते. साधे मीठही ते करते. म्हणून ठरावीक धातू ओळखायचा तर कणावर त्या धातूशीच नाते जोडणारा रेणू बसवावा लागतो. 2001 साली अमेरिकेतील हप यांच्या गटाने सुवर्णकणांवर टोकास आम्लगट असलेले गंधकयुक्त रेणू बसवले. शिसे, कॅडमियम व पारा यांचे आयन दोन कणांच्या आम्लगटांमध्ये पुलासारखे बसतात आणि कण जवळ येतात. नंतर ईडीटीए घातले की ते धातूला ओढून घेते आणि द्रव पुन्हा लाल होतो. शिसेविषबाधेच्या चिकित्सेत वापरले जाणारे ईडीटीए ते हेच, हे वैद्यमित्रांना ठाऊक असेल.

2003 मध्ये इलिनॉय विद्यापीठात जुवेन लिऊ व यी लू यांनी अधिक चतुर युक्ती केली. काही डीएनए धागे शिशाच्या आयनाच्या सान्निध्यात दुसऱ्या डीएनए धाग्यास कात्रीसारखे तोडतात. त्या दुसऱ्या धाग्याने सुवर्णकण एकत्र बांधलेले असतात, म्हणून शिसे नसताना गुच्छ होतो आणि द्रव निळा दिसतो. शिसे असेल तर धागा तुटतो, गुच्छ होत नाही आणि रंग लाल राहतो. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. या पद्धतीत निळा म्हणजे शिसे नाही आणि लाल म्हणजे शिसे आहे! माझ्या स्नेह्यांच्या कुपीवर लिहिले होते ते याच्या नेमके उलट. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कणावर काय बसवले आहे हे कळल्याशिवाय रंगाला अर्थ नाही, आणि बाजारातील कुपीवर ते लिहिलेले असेलच असे नाही.

पाऱ्यासाठी 2007 मध्ये मर्किन यांच्या गटाने डीएनएतील थायमिन या घटकाचा उपयोग केला. दोन थायमिनांमध्ये पाऱ्याचा आयन नेमका बसतो आणि कणांचा गुच्छ घट्ट होतो. तो सुटून द्रव जांभळ्याचा लाल होण्यास अधिक उष्णता लागते. किती अंशांवर रंग पालटला यावरून पारा मोजतात. चांदीच्या कणांत पाऱ्याची परीक्षा याहून सरळ आहे. पाऱ्याचे आयन चांदीचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात, स्वतः धातुरूप होऊन उरलेल्या चांदीत मिसळतात आणि द्रवाचा पिवळा रंग फिका पडत नाहीसा होतो. पारद सोन्याचांदीस ग्रासतो हे रसशास्त्राच्या अभ्यासकास शिकवावे लागत नाही. ग्रास, चारण, जारण हे शब्द आपण प्रथम वर्षापासून ऐकत आलो आहोत. तेच नाते येथे नॅनोमीटरच्या मापात कामी येते.

आकडे काय सांगतात

अशा शोधांच्या वार्तेत 'अतिसंवेदनशील' हा शब्द हमखास असतो. तो आपल्या मर्यादांशी ताडून पाहावा. हप यांच्या 2001 च्या पद्धतीस रंगबदलासाठी सुमारे 400 मायक्रोमोल प्रतिलिटर धातू लागत असे. शिशाचा अणुभार 207 धरला तर हे 83 मि.ग्रॅ. प्रतिलिटर झाले, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या आठ हजार पटींहून अधिक. 2003 ची शिशाची परीक्षा 0.1 मायक्रोमोलपासून काम करते. ते होतात सुमारे 0.02 मि.ग्रॅ. प्रतिलिटर, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट शिसे असेल तेव्हा कुठे ती बोलू लागते. पाऱ्याच्या 2007 च्या पद्धतीची सीमाही सुमारे 0.02 मि.ग्रॅ. होती आणि आपली मर्यादा आहे 0.001. पुढील काळात अनेकांनी याहून पुष्कळ खाली जाणाऱ्या पद्धती प्रसिद्ध केल्या. परंतु त्यांतील बहुतेक मोजमापे प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्यात, वर्णपटमापी यंत्राने घेतलेली असतात. कॅडमियमची 0.003 मि.ग्रॅ. मर्यादा म्हणजे सुमारे 27 नॅनोमोल प्रतिलिटर. घनाच्या आपल्या गणितात तर तीही सैल ठरली. नुसत्या डोळ्यांनी, विहिरीच्या पाण्यात, एवढे ओळखण्याची अपेक्षा कुपीकडून धरता येत नाही.

विहिरीच्या पाण्याचा प्रयोग

आमच्या गावातील महाविद्यालयात रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक स्नेही आहेत. त्यांनी सायट्रेट पद्धतीने सुवर्णद्रव करून दिला आणि एका दुपारी आम्ही चार परीक्षानलिका मांडल्या. पहिल्यात ऊर्ध्वपातित जल घातले. द्रव लालच राहिला. दुसऱ्यात चिमूटभर मीठ घातले. तात्काळ निळा झाला. तिसऱ्यात स्नेह्यांच्या विंधन विहिरीचे पाणी घातले. जांभळा होत निळा झाला. चौथ्यात ऊर्ध्वपातित जलात केवळ कॅल्शियम क्लोराइड, शिशाचा लवलेशही नसलेले, अशा बेताने घातले की कठीणपणा विहिरीच्या पाण्याइतका व्हावा. तीही निळी झाली.

तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडील बेसाल्ट खडकातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियम भरपूर असते. कठीणपणा 300 मि.ग्रॅ. म्हणजे सुमारे 3 मिलिमोल द्विभारी आयन. मानकानुसार पर्यायी स्रोत नसल्यास 600 पर्यंतचे पाणीही चालते. सायट्रेटचे कवच असलेले कण एवढ्याने नासतात. शिशाच्या मर्यादेचे आयन यापुढे हजारोंनी कमी. कुपीने पाण्याचा कठीणपणा दाखवला होता आणि तिच्यावरील चिठ्ठीने त्याला शिसे म्हटले होते. स्नेह्यांनी पाणी अणुशोषण यंत्राच्या तपासणीस पाठवले. अहवालात शिसे मर्यादेच्या आत होते, कठीणपणा मात्र भरपूर होता. काढा ओतला गेला नाही.

नळाच्या पाण्यात वेगळाच घोटाळा होतो. ब्लीचिंग पावडरीतील क्लोरीन चांदीच्या कणांना खाते आणि पिवळा रंग उडतो. पाहणारा म्हणतो, पारा सापडला. पाणी आम्ल असले तरी सायट्रेटचा भार जातो आणि सोने निळे होते. प्रयोगशाळेस पाठवण्यासाठी नायट्रिक आम्ल घालून ठेवलेल्या नमुन्यावर कोणी ही परीक्षा केली तर निळा रंग येणारच. उलट, पावसाळ्यात पालापाचोळा कुजलेल्या विहिरीच्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये कणांवर लेप चढवतात आणि धातू असूनही कण एकत्र येत नाहीत. खोटा निळा निदान घाबरवून चौकशीस लावतो. खोटा लाल झोपवून ठेवतो, म्हणून मला तो अधिक धोक्याचा वाटतो. शिवाय ही परीक्षा केवळ विरघळलेले, मोकळे आयन पाहते. कठीण पाण्यात शिशाचा मोठा भाग कार्बोनेटाशी बांधलेला किंवा बारीक कणरूपात असतो. तो कुपीला दिसत नाही, पण आवळ्याच्या आम्ल काढ्यात विरघळतो.

शास्त्रज्ञही येथे फसतात, हे सांगितले नाही तर लेख अपुरा राहील. 2009 साली आर्सेनिकला धरून ठेवणारा म्हणून एक डीएनए धागा प्रसिद्ध झाला आणि त्यावर आधारलेल्या, सुवर्णकणांच्या रंगबदलाच्या अनेक परीक्षा पुढील दहा वर्षांत निघाल्या. 2019 मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की तो धागा आर्सेनिकला धरतच नाही. आर्सेनिक थेट सोन्याच्या पृष्ठभागास चिकटते आणि रंग त्यामुळे बदलत होता. हे दाखवणारे जुवेन लिऊ म्हणजे 2003 मध्ये शिशाची परीक्षा शोधणाऱ्यांपैकीच एक. आपल्याच क्षेत्रातील लाडक्या कल्पनेस त्यांनी लावलेली ही कसोटी मला त्यांच्या मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते.

काढा आणि भस्म यांवर ही परीक्षा करू नये

काही मित्रांनी विचारले, पाणी कशाला, काढ्यावरच थेंब टाकून पाहू. ते निरर्थक आहे. काढ्याचा स्वतःचा रंग निळे-लाल काही दिसू देत नाही, ही लहान अडचण झाली. मोठी अडचण अशी की वनस्पतींतील कषाय द्रव्ये व शर्करा सोन्यावर स्वतःच काम करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सस्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये निंबपत्रांच्या काढ्याने सोन्या-चांदीचे नॅनोकण तयार झाल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी गवती चहाच्या अर्काने त्यांनी सोन्याचे त्रिकोणी पत्रे मिळवले. जो काढा सोन्याचे कण घडवतो आणि त्यांवर लेप चढवतो, त्याच्यात टाकलेल्या कणांचा रंग शिशाविषयी साक्ष काय देणार?

भस्मांविषयीही तेच. रससिंदूरातील पारा गंधकाशी बद्ध असून पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असतो. त्यावर पाणी घालून कुपीत टाकले आणि रंग बदलला नाही, म्हणून 'आमच्या औषधात पारा नाही' असे कोणी छापले तर ते असत्य होईल. एकूण धातू मोजायचा तर नमुना तीव्र आम्लात पूर्ण विरघळवून यंत्रानेच मोजावा लागतो. जाता जाता एक मत नोंदवतो. 'भस्म म्हणजेच नॅनो' ही घोषणा हल्ली आपल्या परिषदांतून वारंवार ऐकू येते. सुवर्णभस्मात नॅनो आकाराचे कण आढळल्याचे काही अभ्यास आहेत, हे खरे. परंतु कोरड्या भस्मातील परस्परांना चिकटलेले कण आणि पाण्यात एकेकटा तरंगणारा सुवर्णकण या वेगळ्या गोष्टी आहेत. वारितर, रेखापूर्णत्व, अपुनर्भव या आपल्या परीक्षा स्वतःच्या पायांवर उभ्या आहेत. त्यांना उसन्या शब्दाची गरज नाही.

माझ्या भांड्याची गोष्ट

स्नेह्यांचे पाणी निर्दोष निघाल्यावर मी उत्साहाने माझ्या छोट्या निर्माणशाळेतील पाणी आणि त्याच पाण्यातील आमलकीचा काढा, दोन्ही नमुने तपासणीस पाठवले. पाणी उत्तम होते. काढ्यात मात्र शिसे पाण्याच्या आठपटीने समजावे त्याहून पुष्कळच अधिक होते. आवळ्याचा लॉट बदलून पाहिला, फरक पडला नाही. तोच काढा पोलादी पातेल्यात केला, तेव्हा शिसे खाली आले. लहान घाण्यासाठी मी आजोबांच्या वेळचे पितळी पातेले वापरत असे आणि त्यास दोन महिन्यांपूर्वी कल्हई करून घेतली होती. शुद्ध कथिल महाग असते. डाखकामाच्या कथिलात शिसे असते, आणि ते कल्हईत आले की आम्ल काढा ते उकरून काढतो. रसग्रंथांनी वंगाचे खुरक आणि मिश्रक असे दोन प्रकार सांगून भेसळीचे मिश्रक त्याज्य ठरवले आहे. परीक्षेत हा भेद मी न चुकता लिहिला होता. पातेल्याला कल्हई लावून घेताना तो आठवला नाही. तो सर्व काढा नष्ट केला. त्या दोन महिन्यांत तो घेतलेल्या रुग्णांस बोलावून घेतले, त्यांच्या रक्तातील शिसे तपासून घेतले आणि कारणही सांगितले. ते सांगणे सोपे नव्हते.

कोणतीही जलपरीक्षा, रंगाची असो वा यंत्राची, केवळ पाण्याविषयी बोलते. पात्र, चाळण, तोटी, मूळ वनस्पती यांविषयी ती गप्प असते.

वापर करायचाच असेल तर

ही कुपी निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. नव्या विहिरीचे, टाकीचे किंवा कारखान्याशेजारील ओढ्याचे पाणी अचानक बिघडले काय, याची झटपट चाहूल घेण्यास ती उपयोगी पडू शकते. मात्र विकत घेताना कणांवर कोणता रेणू आहे, कोणता रंग कशाचा निदर्शक आहे, ओळखण्याची किमान सीमा किती आणि ती कोणत्या पाण्यात ठरवली, हे लेखी मागावे. न देणाऱ्याकडून घेऊ नये. परीक्षा करताना नेहमी तीन नलिका मांडाव्यात: एकीत ऊर्ध्वपातित जल, दुसरीत आपले पाणी आणि तिसरीत आपलेच पाणी, पण त्यात शिशाचे ज्ञात प्रमाण मिसळलेले. शिसे मिसळलेली तिसरी नलिका दुसरीहून वेगळी दिसली नाही, तर आपल्या पाण्यात ही परीक्षा आंधळी आहे असे समजून ती बंद करावी. ज्ञात प्रमाणाचे द्रावण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मिळवावे आणि उरलेले मोरीत न ओतता तिकडेच परत द्यावे.

निर्णय मात्र एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालावरच घ्यावा. नमुना प्लास्टिकच्या, आम्लाने धुतलेल्या बाटलीत घ्यावा. बाटली व आम्ल प्रयोगशाळेकडूनच मागवणे उत्तम. पहाटे तोटी उघडताच येणारे पाणी एका बाटलीत आणि पाच मिनिटे वाहू दिल्यानंतरचे दुसरीत घ्यावे. पहिल्यात शिसे अधिक निघाले तर दोष नळाचा, तोटीचा किंवा जोडाचा. दोन्हींत सारखे असेल तर स्रोताचा. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा तपासावे, कारण विहीर खाली गेल्यावरचे पाणी आणि भरल्यावरचे पाणी एक नसते. घन करणाऱ्यांनी प्रयोगशाळेस कॅडमियमची ओळखसीमा मुद्दाम विचारावी. अहवालात 'आढळले नाही' एवढेच लिहिले असेल, तर कितीच्या खाली आढळले नाही, हा आकडा लिहून मागावा.

माझ्या स्नेह्यांनी नंतर पाणी मृदू करण्याचे संयंत्र बसवले, ते शिशासाठी नव्हे, भट्टीवरच्या पातेल्यांत बसणाऱ्या क्षाराच्या थरासाठी. अहवाल येईपर्यंत तो काढा मात्र टिकला नाही. तो बाजूला काढून नवा करावा लागला, आणि दशमूलारिष्ट त्या वर्षी तीन आठवडे उशिरा संधानास बसले.